गच्चीवरची शेवंती

रविवार, सकाळी ७.३१

देसाई सर (३०१): सुप्रभात. गच्चीवरचा पक्षी आज पुन्हा सात वाजता सुरू झाला. कुणाचं नाव घेत नाही. माझी अँजिओप्लास्टी झालेली सगळ्यांना ठाऊक आहे, एवढंच सांगतो. 🙏

पाटील मामा (तळमजला): नाव घ्यायला काय झालं सर, शेवंती म्हणा की. कोंबडी हाय, थोडीच चिडणार हाय.

देसाई सर: पाटील, विनोद नको. मी वेळा लिहून ठेवल्या आहेत. सोमवार ७.१०. मंगळवार ८.२५. बुधवार ९.३०. गुरुवार ११. शुक्रवारी दुपारी १२.४०, म्हणजे जेवणाच्या वेळेला. शनिवारी नाही. आज ७.०५. याला उपद्रव म्हणतात.

जोशी काका (१०१): गच्चीची किल्ली कोणाकडे आहे?

कुलकर्णी काकू (२०२): आवाज परवडला हो. मला भीती रोगाची. हे वाचा सगळ्यांनी.

कुलकर्णी काकू: *(फॉरवर्ड केलेला मेसेज)* सावधान!! परभणीत बर्ड फ्लूनं शेकडो कोंबड्या मेल्या!! घराजवळ कोंबडी असेल तर आजच हलवा!! दहा जणांना पाठवा!!

शिंदे वहिनी (४०१): काकू, परभणीची ती बातमी २०२१ च्या जानेवारीतली आहे. आत्ताची नाही.

कुलकर्णी काकू: रोग तारीख बघून येतो का?

अनिकेत (४०३): एवढं टेन्शन कशाला. गटारी जवळ आलीय. प्रश्न आपोआप सुटणार 😄 तांबडा-पांढरा!

पाटील मामा: गावठी हाय गा ती. शिजायला येळ लागतोय.

मनूची आई (१०३): अनिकेत, मामा, हा ग्रुप मनू माझ्या फोनवर वाचते. नाश्ता तसाच टाकून आत जाऊन बसलीय. धन्यवाद.

*अनिकेत यांनी हा मेसेज डिलीट केला.*

अनिकेत: सॉरी वहिनी. मजेत होतं.

पाटील मामा: मी डिलीट करत न्हाई, मला जमत न्हाई ते. पण मनू बाळ, शेवंतीला कोण हात लावतंय बघू. मी हाय न्हवं खाली.

देसाई सर: मूळ मुद्दा बाजूला जातोय. १९७२ च्या कर्नाटक अपार्टमेंट कायद्याप्रमाणे गच्ची ही सामायिक जागा आहे. तिथं खुराडं ठेवायचा ठराव कधी झाला? मी तरी सही केलेली नाही.

हिरेमठ अण्णा (सेक्रेटरी, २०१): नोड्री सर, ठराव नाही. मागच्या वर्षी खाली बागेत होतं खुराडं. गुलबीचं, त्या दुसऱ्या कोंबडीचं, तसं झाल्यावर वर नेलं. मीच हो म्हटलं तोंडी.

मनूची आई: आणि गुलबी कशी गेली तेही सगळ्यांना माहीत आहे.

फर्नांडिस आंटी (२०४): सगळ्यांना माहीत आहे म्हणजे काय? सरळ बोला ना. माझी मिनी त्या रात्री घरात होती. दार बंद होतं.

मनूची आई: मी मिनीचं नाव घेतलं का?

फर्नांडिस आंटी: नाव न घेता बोलायची या ग्रुपला सवय आहे. सकाळपासून बघते.

पाटील मामा: आंटी, मांजर न्हवं ते, मुंगूस होतं. नाल्याकडनं येताना मी सोत्ता बघितलंय. चूक जाळीची हाय. ती षटकोनी भोकांची कोंबडी-जाळी कोंबडी आत ठेवायला बरी, मुंगूस भाईर ठेवायला काय कामाची न्हाई. अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी पायजे आणि दाराला कडी पायजे. दोरी बांधून भागत न्हाई.

फर्नांडिस आंटी: थँक्यू पाटील. हेच मागच्या वर्षी बोलला असता तर बरं झालं असतं.

जोशी काका: गच्चीची किल्ली कोणाकडे आहे?

सकाळी ९.०२

मनूची आई: *(मनू लिहितेय)* नमस्कार. देसाई आजोबा, शेवंती आरवत नाही, आरवतो तो कोंबडा. आपल्याकडे कोंबडा नाही आणि मी आणणारही नाही. ती अंडं घातल्यावर ओरडते. मी रोज साडेसहाला वर जाते, पाणी बदलते, खुराड्यातली घाण काढते, मग शाळेची तयारी. शाळेतून आल्यावर तिला गच्चीवर तासभर मोकळं सोडते, तेव्हा मी तिथंच अभ्यास करते. काही चुकत असेल तर सांगा, पण प्लीज जेवणाचे विनोद करू नका.

हिरेमठ अण्णा: मी बघतो रोज. पोरगी खराटा घेऊन वर जाते त्या टायमाला लिफ्टपण चालू नसते. आमच्या घरात अंडं चालत नाही, पण खरं ते सांगायला पाहिजे.

शिंदे वहिनी: देसाई सर, रागावू नका, पण तुम्ही लिहिलंय ते शेवंतीचं अंड्याचं वेळापत्रक आहे. एक अंडं घातल्यावर पुढचं तयार व्हायला चोवीस तासांहून जरा जास्त लागतात, पंचवीस-सव्वीस धरा. म्हणून वेळ रोज तास-दीड तास पुढं जाते. दुपार गाठली की एक दिवस खाडा, मग परत सकाळपासून. शनिवार खाडा, आज सात. माझ्या माहेरी निपाणीला लेयरचा, म्हणजे अंड्यांच्या कोंबड्यांचा, शेड आहे, लहानपणी हेच काम होतं आम्हाला.

अनिकेत: म्हणजे उद्या साधारण सव्वाआठ. देसाई काका, फिरायला त्या वेळेला जा.

पाटील मामा: सर, बँकेत एवढं लेजर लिव्हलं असतं तर म्यानेजर झाला असता.

देसाई सर: मी मॅनेजर म्हणूनच निवृत्त झालो, पाटील. आणि अंड्याचा आवाज मान्य केला, तरी संध्याकाळी काय असतं? चार ते सहा एकसारखी हाक मारल्यासारखी ओरडते. तेव्हाही अंडं का?

शिंदे वहिनी: नाही. ते एकटेपणामुळं. कोंबडी कळपातला जीव आहे. कोण पुढं, कोण मागं, कुणाशेजारी दांडीवर बसायचं, हे सगळं तिला लागतं. गुलबी गेल्यापासून ती एकटी आहे. मनू असते तेव्हा गप्प, मनू ट्यूशनला गेली की हाका. मनूचे ट्यूशनचे दिवस आणि तुमची वही ताडून बघा.

मनूची आई: बरोबर. सोमवार-बुधवार-शुक्रवार ट्यूशन, चार ते सहा.

देसाई सर: मग यावर उपाय काय?

शिंदे वहिनी: दुसरी कोंबडी.

देसाई सर: म्हणजे आवाज कमी करायला कोंबड्या वाढवायच्या??

पाटील मामा: व्हय सर. एकाच म्हाताऱ्याला घरात कोंडल्यावर तो ग्रुपवर लिहीत बसतोय, तसंच हाय ते.

देसाई सर: हे कुणाला उद्देशून?

पाटील मामा: मला सोत्ताला. मी पण म्हातारा हाय न्हवं.

कुलकर्णी काकू: एकीलाच माझा विरोध, आणि तुम्ही दुसरी आणायला निघालात! घाणीचं काय? परवा जिन्यात होतं.

मनूची आई: *(मनू)* काकू, जिन्यातलं मी लगेच पुसलं होतं. त्या दिवशी पाऊस आला म्हणून तिला टोपलीतून खाली आणलं. आता वरच पत्र्याखाली ठेवते. खाली भाताचं तूस घालते, ओलं झालेलं रोज काढते. आणि हात साबणानं धुते, तिला घेऊन स्वयंपाकघरात जात नाही.

शिंदे वहिनी: हात धुणं महत्त्वाचं, मनू. कोंबडी ठणठणीत दिसत असली तरी तिच्या विष्ठेत साल्मोनेला नावाचा जंतू असू शकतो. लहान मुलं हात लावून तसाच तोंडात घालतात. तुझ्या मैत्रिणी येतात त्यांनाही धुवायला लाव, आणि कुणी तिचे पापे घ्यायचे नाहीत.

कुलकर्णी काकू: तेच तर म्हणतेय मी केव्हाची.

शिंदे वहिनी: आणि आपल्याकडचा पाऊस बघता तूस कोरडंच पाहिजे. खाली ओल राहिली की आधी वास सुटतो, मग रक्ती हगवण. नाक खाली नेल्यावर डोळ्यांना झोंबलं तर समज उशीर झाला.

मनूची आई: *(मनू)* एक विचारू? तिची शेवटची दोन अंडी मऊ कवचाची आली. लेयरचं खाद्य देतेच की मी, शंभर-सव्वाशे ग्रॅम.

शिंदे वहिनी: सगळं खाते का ते?

मनूची आई: *(मनू)* अर्धं उरतं. कारण ती गच्चीवर पडलेला भात खाते. फोडणीचा असतो.

जोशी काका: गच्चीची किल्ली कोणाकडे आहे?

पाटील मामा: फोडणीचा भात कोण टाकालंय वर?

अनिकेत: 👀

कुलकर्णी काकू: उरलेलं मुक्या जिवाला घातलं तर काय बिघडलं? टाकून द्यायचं का अन्न?

देसाई सर: काकू, आपण तर रोगाबद्दल बोलत होता.

कुलकर्णी काकू: मी लांबून टाकते.

शिंदे वहिनी: काकू, भातानं तिचं पोट भरतं, मग खाद्यातलं प्रथिन आणि कॅल्शियम जातच नाही पोटात. कवच त्यातूनच बनतं. मीठ-मसाला तर नकोच. चिवडा, फरसाण, चॉकलेट, तेही नको, मुलं टाकतात ती. द्यायचंच तर मूठभर मेथी-पालक निवडलेलं द्या. मनू, शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत ठेव, लागेल तेवढा ती स्वतः खाते. खाद्यात मिसळू नको. आणि थोडी बारीक वाळू-खडे. दात नाहीत तिला, पोटात त्यावरच दळते.

पाटील मामा: आणि एका पाटीत राख ठेव. राख-मातीत लोळली की उवा जातात. आमच्या येळ्ळूरला चुलीची राख होती, इथं गॅसवाल्यांकडं कुठली? मी आणून देतो.

फर्नांडिस आंटी: बेकरीतून मागा, कॅम्पातली जुनी भट्टी अजून लाकडावर आहे.

सकाळी १०.१५

पाटील मामा: दुसरी मी आणतो येत्या शनवारच्या बाजारातनं. गिरिराजा मिळाली तर बघतो. आपल्या कर्नाटकाचीच जात, बेंगळुरात काढलेली.

शिंदे वहिनी: मामा, बाजारातली नको. दहा ठिकाणची पाखरं एका डालग्यात असतात, कुणाला काय झालंय कळत नाही. गिरिराजा जड पक्षी, बिचाऱ्या शेवंतीला दाबून टाकेल. माहेराहून गावठी तलंग, म्हणजे तरुण कोंबडी, आणते, चार-साडेचार महिन्यांची, मानमोडीची (राणीखेत रोगाची) लस झालेली.

पाटील मामा: बाजारातल्या कोंबड्यांवर आमची तीन पोरं मोठी झाली.

शिंदे वहिनी: खाऊन ना मामा?

पाटील मामा: …ते खरं हाय.

मनूची आई: शेवंतीला लस दिलेली नाही. दवाखान्यात विचारलं तर म्हणाले कुपी शंभर कोंबड्यांची येते, एकीसाठी कशी फोडायची?

शिंदे वहिनी: ते त्यांचं बरोबर आहे. लस एकदा कालवली की दोन तासांत संपवावी लागते. शेडवर लसीकरण असेल त्या दिवशी मी शेवंतीला घेऊन जाईन. तिथं बाकीच्यांत मिसळायचं नाही, टोपलीतच ठेवू. पण आधी ती ठणठणीत हवी, आजारी पक्ष्याला लस देत नाहीत.

देसाई सर: नवी आल्यावर दोघी भांडणार. तो आवाज कोण ऐकणार?

शिंदे वहिनी: भांडतील थोड्या. म्हणूनच लगेच एकत्र सोडायचं नाही. आधी तीन-चार आठवडे नवी वेगळ्या जागी. मग जाळीच्या दोन बाजूंना, एकमेकींना दिसतील अशा. मग रात्री अंधारात नवीला दांडीवर शेजारी ठेवायची.

हिरेमठ अण्णा: वेगळी जागा कुठे? मीटर रूममध्ये नको हं. वीज कंपनीचा, हेस्कॉमचा माणूस येतो.

पाटील मामा: माझ्या मागच्या पडवीत ठेवा की.

फर्नांडिस आंटी: मिनी मागच्या पडवीत जाते.

मनूची आई: आता कोण म्हणालं मिनीचं नाव?

फर्नांडिस आंटी: मी माझ्याच मांजरीबद्दल बोलले तर चालेल ना?

देसाई सर: माझा एक प्रश्न, आणि तो गंभीर आहे. मनू आठवीत आहे. कोंबडी पाच-सात वर्षं सहज जगते. दोन-तीन वर्षांनी अंडी कमी होतात, मग बंद. मनूची दहावी, मग बारावी, मग कदाचित पुणे-बेंगळुरू. तेव्हा ती कुणाची? गच्चीची?

मनूची आई: *(मनू)* आजोबा, अंडी बंद झाली तरी ठेवणार. दहावीला ट्यूशन वाढली तर सकाळचं मी, संध्याकाळचं बाबा, असं ठरलंय. बाबा हो म्हणालेत. पुढचं अजून ठरवलं नाही.

देसाई सर: बाबांना ग्रुपवर लिहायला सांग.

मनूचे बाबा: हो म्हणालोय.

अनिकेत: साहेबांचा या वर्षातला पहिला मेसेज 👏

कुलकर्णी काकू: आणि गणपतीत? तुम्ही सगळे कुडाळला जाता.

पाटील मामा: मी हाय. फक्त लिहून द्या काय काय करायचं. न्हाईतर मी माझ्याच पद्धतीनं करीन.

मनूची आई: *(मनू)* मामा, तुमच्या पद्धतीनं नको. वहीत लिहून देते.

जोशी काका: गच्चीची किल्ली कोणाकडे आहे?

मनूची आई: *(मनू)* जोशी आजोबा, माझ्याकडे आहे. साडेसहाला लागते म्हणून हिरेमठ अण्णांनी दिलीय.

जोशी काका: दुसरी किल्ली कोणाकडे आहे?

हिरेमठ अण्णा: आता ऐका. पुढच्या रविवारी साडेदहाला खाली मीटिंग. तोपर्यंत शेवंती आहे तिथे राहणार. दुसरीचं मीटिंगमध्ये ठरवू. जाळीचा खर्च मनूचे बाबा देतील, वेल्डिंगवाला मी बघतो. भात कोणी टाकायचा नाही. लिफ्टमध्ये नोटीस लावतो.

अनिकेत: अण्णा, मागच्या वेळसारखी फक्त कन्नडमध्ये नको. अर्ध्या लोकांना वाटलं पाणी बंद आहे.

हिरेमठ अण्णा: मराठीत लिहिली तर देसाई सर लाल पेनानं ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त करतात. ह्या वेळी तुम्ही लिहा, मी खाली कन्नड लिहितो. आयतु?

देसाई सर: शुद्धलेखन तपासून मगच लावा. आणि माझ्या अटी लिहून घ्या: कोंबडा येणार नाही, दोनापेक्षा जास्त नाहीत, जिन्यातून नेताना झाकलेली टोपली. यातली एक मोडली की मी महानगरपालिकेत लेखी देणार.

मनूची आई: मान्य. तिन्ही.

कुलकर्णी काकू: दोन झाल्या तर अंड्यांचं काय करणार तुम्ही? घरात चौघंच.

पाटील मामा: आता बघा, काकूंचा विरोध कुठं निघाला.

कुलकर्णी काकू: माझ्यासाठी नाही, नातवासाठी विचारतेय.

फर्नांडिस आंटी: हिरेमठ, मीटिंगच्या मिनिट्समध्ये मिनीचं नाव येता कामा नये. आत्ताच सांगून ठेवते.