गोलाईतल्या फूटपाथवरच्या पाट्या: सरसकट उचलायच्या, की नियम लावून ठेवायच्या?

जिन्यावरची शिलाई (धागाकर्ती):
लातूरच्या गंजगोलाईत सोळा रस्ते येऊन मिळतात. त्यातल्या एका रस्त्यावर पहिल्या मजल्यावर माझं ब्लाउज शिवायचं दुकान आहे. खालच्या दोन कापड दुकानांच्या मधून अडीच फुटांचा जिना वर येतो, भरदुपारीही अंधारा. शोधूनही सापडत नाही. म्हणून मी खाली प्लायची पाटी उभी करते: 'ब्लाउज, फॉल-पिको. वर या', खाली लाल बाण. वाऱ्यानं पडू नये म्हणून मागच्या पायाला अर्धी वीट बांधलीय. पाटी मांडायची राहिली की त्या दिवशी जुन्या बायकाच तेवढ्या येतात, नवं गिऱ्हाईक एकही नाही.

ओळखीतले बरेच जण म्हणतात, फूटपाथवरच्या पाट्या एकजात उचला. मला हे अजिबात पटत नाही. चौकातले वाढदिवसाचे फ्लेक्स आणि माझी दोन फुटांची पाटी एकाच तराजूत का तोलता? दुकानाला एकच पाटी, ठरलेलं माप, रात्री आत घ्यायची, वर्षाला थोडी फी. मी भरायला तयार आहे. तुमचं मत सांगा.

भुसार लाइन:
ताई, शंभर टक्के बरोबर. फूटपाथ अडवतात त्या गाड्या. मोटरसायकल सहा फूट लांब, दिवसभर आडवी लावलेली, तिला कुणी बोलत नाही. पाटीवाला गरीब, म्हणून सगळे त्याच्यावर. मोठ्या शोरूमला काचेचं दर्शनी तोंड असतं, वर दिव्यांची अक्षरं असतात. बोळातल्या माणसानं काय करायचं?

पांढरी काठी:
मला दिसत नाही. बाजारात एकटा फिरतो, काठीच्या भरवशावर. तुमची पाटी मला माहीत नाही ताई, पण तसल्या पाट्यांची माझ्या पायांना चांगली ओळख आहे. काठी जमिनीलगत फिरते. घोड्यासारख्या उभ्या पाटीच्या दोन पायांमधून ती सरळ आत जाते, पुढं मोकळं आहे असं वाटून मी पाऊल टाकतो आणि नडगीवर प्लायची कड बसते. रोज एकाच जागी असती तर पाठ केली असती. सकाळी इथं, संध्याकाळी चार हात पुढं. गाडी निदान काठीला लागते तरी. फी भरल्यानं माझी नडगी वाचत नाही.

नियमातलं बोला:
महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 245 प्रमाणे जाहिरातीला आयुक्तांची लेखी परवानगी लागते. आपल्याच इमारतीवर आपल्याच धंद्याची, दिवे नसलेली साधी पाटी असेल तर सूट आहे. फूटपाथ मात्र आपली इमारत नाही. तिथं ठेवलेली अडथळ्याची वस्तू कलम 231 खाली नोटीस न देता उचलता येते. ही मोकळीक पूर्ण बंदीइतकीच वाईट वाटते मला, कारण कधी कुणाची पाटी उचलायची हे त्या दिवशीच्या माणसाच्या मर्जीवर राहतं. म्हणून लेखी माप पाहिजेच.

जिन्यावरची शिलाई:
मर्जीचंच तर भय आहे. 13 मे 2024 ला मुंबईत घाटकोपरला होर्डिंग पडून 17 माणसं गेली. परवानगी जास्तीत जास्त 40 बाय 40 फुटांना, तिथं 120 बाय 120 फुटांचं उभं होतं. एवढं मोठं कुणाला दिसलं नाही, आणि माझी वीट बांधलेली पाटी दिसते!

नियमातलं बोला:
राग बरोबर आहे, पण त्यातून फूटपाथवर जागा निघत नाही. रस्त्यांची मापं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या मापाप्रमाणे चालायला निदान 1.8 मीटर, म्हणजे जवळपास सहा फूट मोकळे लागतात, डोक्यावर 2.2 मीटर. गोलाईच्या आसपास एवढा सलग फूटपाथ मला एक तरी दाखवा. चार फुटांतले दोन पाटीनं खाल्ले तर लेकरू कडेवर घेतलेली बाई रस्त्यावरच उतरणार. पाटी भिंतीला काटकोनात टांगा, 2.2 मीटरच्या वर. खालून दिसेल, पायात येणार नाही.

भुसार लाइन:
टांगायला भिंत कुणाची? खालच्या दुकानदाराची! तो म्हणणार, माझ्या बोर्डासमोर तुझा बोर्ड नको. भाड्यानं बसलेल्याचं कोण ऐकतं? रस्त्याच्या तोंडाशी एका खांबावर सगळ्या वरच्या मजल्यांची सामायिक पाटी लावा, मग पाट्या काढायचं बोला. आधी काढा, मग बघू, असं झालं तर माझा विरोधच राहील.

जिन्यावरची शिलाई:
सामायिक पाटीचं मला पटलं. तिच्यासाठी अर्जावर पहिली सही माझी. पण पांढरी काठी यांनी लिहिलेलं वाचल्यापासून पाटी मांडायला हात होत नाही. आज ती जिन्याच्या दारालाच बांधली. अर्धी आत गेलीय, बाण दिसत नाही, दुपारपर्यंत नवी एकच बाई वर आली. खालच्या दुकानदाराला टांगायचं विचारलंय. घरमालकाला विचारून सांगतो म्हणाला.

पांढरी काठी:
टांगलीत तर खिळा पक्का ठोका. जिना कोणत्या दोन दुकानांमध्ये आहे ते कळवा, बायकोचे ब्लाउज घेऊन येतो.