जुन्या शेव्हीसाठी ३५० ब्लॉक: आकडे वाचून घ्यायचा की मापून? (बीडकाम, चारबोल्ट आणि रोलरवाला या तिघांची चर्चा)

बीडकाम
सत्तरच्या दशकातल्या शेव्हरोले (शेव्ही) सी-१० पिकअपच्या ३५० घनइंची व्ही-८ इंजिनाला बदली ब्लॉक, म्हणजे सिलिंडर असलेला ओतीव सांगाडा, शोधणाऱ्याला हमखास सांगितलं जातं की ‘०१०-०२० वाला फोर-बोल्ट घे, त्यात निकेल जास्त, म्हणून बीड (ओतीव लोखंड) कडक.’ इंजिनाच्या पुढच्या टायमिंग कव्हरमागे ओतलेले ते आकडे दिसले की विकणारा भाव चढवतो. माझ्या मते हा जादा पैसा वाया जातो. ३९७००१० हा कास्टिंग नंबर (ब्लॉकवर ओतलेला क्रमांक) १९६९ ते १९७९ चालला आणि तो टू-बोल्टवरही आहे, फोर-बोल्टवरही. ऑइल चेंबर उतरवून मेन कॅप (क्रँकशाफ्टला ब्लॉकशी धरणाऱ्या, दोन किंवा चार बोल्टच्या टोप्या) बघितल्याशिवाय फरक कळत नाही. बीड किती कडक आहे हे ब्रिनेल चाचणी सांगते, ओतलेले आकडे सांगत नाहीत.

आधी बोअर (सिलिंडरचा व्यास) मापा. ३५० चा मूळ बोअर ४.००० इंच, लहान ३०५ इंजिनाचा ३.७३६. दोन्ही बाहेरून सारखेच दिसतात आणि ३०५ सर्रास ३५० म्हणून खपवला जातो. मग मॅग्नाफ्लक्सने (चुंबक आणि लोहभुकटीने) तडे शोधा, विशेषतः लिफ्टर व्हॅलीत (सिलिंडरच्या दोन रांगांमधल्या खोलगट भागात) आणि मेन बोल्टच्या भोकांभोवती. पाणी गोठलेल्या ब्लॉकला तडा बहुधा व्हॅलीतच जातो. त्यानंतर सॉनिक चाचणी (ध्वनिलहरींनी भिंतीची जाडी मोजणं): प्रत्येक सिलिंडरला वर, मध्ये, खाली, चारी बाजूंनी, म्हणजे एकूण ९६ मापं. ओतताना साच्यातला गाभा सरकला असेल तर एक भिंत जाड आणि समोरची पातळ निघते. या इंजिनात पिस्टनचा मुख्य दाब गाडीच्या उजव्या अंगाच्या भिंतीवर येतो, सिलिंडरच्या दोन्ही रांगांत. ती पातळ असेल तर ब्लॉक तिथेच सोडा, मग आकडे कोणतेही असोत.

चारबोल्ट
मापण्याबद्दल वाद नाही, पण फोर-बोल्टला इतकं हलकं लेखू नका. ट्रेलर ओढणाऱ्या पिकअपमध्ये मधल्या तीन कॅपवर सतत भार असतो. टू-बोल्ट ब्लॉक उघडलात तर कॅप आणि ब्लॉक जिथे टेकतात तो पृष्ठभाग बघा. तिथे घासून चकाकी किंवा खड्डे आले असतील तर कॅप हलत होती. तसल्या ब्लॉकला लाइन होनिंग (मेन बेअरिंगची भोकं घासून एका रेषेत आणणं) लागतं, आणि ते जास्त झालं की क्रँकशाफ्ट कॅमशाफ्टजवळ सरकून टायमिंग चेन सैल पडते. हा खर्च आधी हिशोबात धरा.

बीडकाम
१९७२ पासूनच्या नेट हिशोबात (इंजिन सगळ्या जोडण्यांसह मोजून) सत्तरच्या दशकातल्या पिकअपचं ३५० दोनशे अश्वशक्तीच्या आत आहे. मेन कॅपला बोल्टऐवजी चांगले स्टड घातलेला टू-बोल्ट त्याच्या दीडपट सहज पेलतो. शिवाय कारखान्यातल्या फोर-बोल्टमध्ये बाहेरच्या बोल्टची भोकं कॅपला आधार देणाऱ्या ब्लॉकच्या आडव्या भिंतीतूनच पाडलेली असतात, तेवढं बीड कमी होतं. रेसिंगवाले टू-बोल्ट घेऊन तिरप्या बोल्टच्या पोलादी कॅप बसवतात ते म्हणूनच.

रोलरवाला
तुम्ही दोघंही १९७९ पाशी अडकलात. १९८७ पासूनचा १४०९३६३८ नंबरचा ब्लॉक घ्या. क्रँकचं मागचं ऑइल सील अखंड आहे, त्यामुळे जुन्या दोन तुकड्यांच्या सीलची गळती संपते. रोलर लिफ्टरची (कॅमवर चाकाने चालून वाल्व्ह उचलणाऱ्या भागाची) सोयही ओतलेली आहे. आजच्या तेलात जस्त-फॉस्फरस कमी झाल्यामुळे सपाट लिफ्टरचा नवा कॅम पहिल्या अर्ध्या तासातच खराब होऊ शकतो. ब्लॉकचा दर्जा म्हणजे फक्त भिंतीची जाडी नव्हे.

चारबोल्ट
हा सल्ला अर्धवट आहे. अखंड सीलच्या क्रँकला फ्लायव्हीलचे बोल्ट ३.०० इंच वर्तुळात येतात, जुन्याला ३.५८. म्हणजे फ्लायव्हील बदला, तेही वजन जोडलेलं, कारण त्या क्रँकचा तोल फ्लायव्हीलवर साधलेला असतो. ऑइल चेंबर बदला. १९८० पासून डिपस्टिक उजवीकडे गेली, तेव्हा एक्झॉस्ट आडवा येतो का ते बघा. पिकअपच्या बऱ्याच ब्लॉकांत रोलरच्या उंचवट्यांना आटे पाडलेलेच नसतात. मेकॅनिकल फ्युएल पंपाची जागाही अनेकदा कोरी असते, मग ५-६ पीएसआयचा इलेक्ट्रिक पंप लावा. क्लचच्या लिंकेजचं भोक डाव्या बाजूला आहे का तेही तपासा. एवढं करून मूळ गाडीशी जुळणारं काय उरतं?

रोलरवाला
यादी बरोबर आहे, आणि ती खरेदीआधीच हातात हवी. पण हे सगळं एकदाच करायचं. सपाट लिफ्टरचा कॅम गेला तर लोखंडाचा चुरा बेअरिंगपर्यंत पोचतो आणि नवं बोअरिंग फुकट जातं. ऑटोमॅटिक गिअरच्या गाडीत क्लचचा प्रश्नच येत नाही, तिथे मी तरी जुना ब्लॉक घेणार नाही.

बीडकाम
मूळ रूप राखायचं असेल तर मी जुनाच घेईन, रोज चालवायची असेल तर रोलरवाल्यांचं पटतं. दोन्हींत एक तपासणी राहिली: उजव्या हेडच्या पुढची ब्लॉकवरची सपाट पट्टी. तिथला शिक्का पुसट किंवा गायब असेल तर डेक (हेड बसतो तो ब्लॉकचा पृष्ठभाग) आधी कापलेला असू शकतो. क्रँकच्या मध्यापासून डेकपर्यंत मूळ उंची ९.०२५ इंच. चारही कोपऱ्यांत मापा, कमी भरली तर पिस्टन वर येऊन कॉम्प्रेशन वाढतं आणि इनटेक मॅनिफोल्डची भोकं जुळत नाहीत. आणि बोअर आधीच ०.०६० इंच वाढवलेला असेल तर फुकट मिळाला तरी आणू नका.