सुती कापडावर झिंक ऑक्साइडचे नॅनोकण धुण्यात टिकत नाहीत

माटुंगा_प्रयोगशाळा:
नमस्कार. पदव्युत्तर प्रकल्पासाठी मी सुती पॉपलिनवर झिंक ऑक्साइडचे नॅनोकण बसवते आहे. कण आणि कापड यांना जोडणारा दुवा म्हणून कणांच्या पांढऱ्या मिश्रणातच सायट्रिक आम्ल घातले, कापड पॅडिंग मँगलमधून (मिश्रणात भिजलेले कापड रोलरांत दाबून पिळणारे यंत्र) काढले, वाळवले आणि १६० अंश सेल्सिअसला तीन मिनिटे क्युअर केले (उष्णतेने पक्के केले). आम्ल पडताच दुधासारखे मिश्रण हळूहळू नितळ झाले, तेव्हा कण उत्तम पसरले असे मी समजले. मात्र पाच धुण्यांनंतर अतिनील किरणांपासूनचे संरक्षण कोऱ्या कापडाइतकेच उरले. चूक कुठे होते आहे?

रंगशाळा_निवृत्त:
कण पसरले नाहीत, विरघळले. झिंक ऑक्साइड आम्लात टिकत नाही. त्याचे सायट्रेट झाले आणि तेच धुण्यात निघून गेले. टायटॅनियम डायऑक्साइड अशा आम्लात विरघळत नाही, म्हणून त्याच्यासाठीची आम्लाची कृती जशीच्या तशी इथे वापरता येत नाही. काम दोन टप्प्यांत करा. आधी ब्युटेनटेट्राकार्बोक्सिलिक आम्ल आणि उत्प्रेरक म्हणून सोडियम हायपोफॉस्फाइट यांनी नुसते कापड पॅड करून क्युअर करा. आम्लाचे काही कार्बोक्सिल गट सेल्युलोजच्या (सुताचा मूळ घटक) हायड्रॉक्सिल गटांशी एस्टर बंध जोडतात आणि मोकळे राहिलेले गट पुढे कणांना धरतात. न बांधले गेलेले आम्ल धुऊन काढल्यावरच, उदासीन सामूच्या (pH) मिश्रणातून कण चढवा. आम्ल आणि उष्णता यांमुळे सुताची ताकद घटते, तेव्हा ताणशक्तीची चाचणी टाळू नका. या कामात मला सर्वांत जास्त काळजी तिचीच वाटते.

सूतकाम:
वरील उत्तराशी सहमत आहे. ॲक्रिलिक बाइंडरचा (कण कापडाला चिकटवणारे रसायन) मार्ग सोपा आहे, पण कापड ताठ होते आणि कण थराखाली झाकले जातात; जिवाणूरोधक गुण हवा असेल तर हे नडते. झिंक ॲसिटेटमध्ये भिजवलेल्या कापडावर अल्कलीने कण तिथल्या तिथे घडवणे मला अधिक पसंत आहे, फक्त कापडावरचे मेण आधी स्कावरिंगने (अल्कलीत उकळून धुण्याने) पूर्ण निघालेले असावे.
आणखी एक गोष्ट. किती कण बसले हे वजनावरून काढत असाल, तर मुंबईच्या पावसाळ्यात ते आकडे फसवतात. प्रमाणित हवेतही कापूस सुमारे ८.५ टक्के ओलावा धरतो आणि दमट दिवशी त्याहून जास्त, त्यामुळे एक-दोन टक्के कणांचे वजन त्यात सहज हरवते. नमुने २७ अंश आणि ६५ टक्के आर्द्रतेत ठेवूनच तोला.

माटुंगा_प्रयोगशाळा:
सर, मनापासून आभार. माझी सगळी वजने जुलैत उघड्या टेबलावर झाली आहेत, ती पुन्हा घेते. पहिला टप्पा उद्याच लावते आणि कण चढवण्यापूर्वी धुतलेल्या कापडाचा सामू तपासते.