पॉकेटमनीत बोआ?

ताई, तुमचा १५ वर्षांचा लेक म्हणतोय ना पॉकेटमनीत बोआ, म्हणजे अजगरासारखा साप, पाळेन, तर पिल्लू परवडतं हो, खर्च पुढे असतो. मादी ७-८ फुटांची होते, म्हणजे निदान ६ बाय २ फुटांचं एनक्लोजर, एक टोक ३२ डिग्री सेल्सियसच्या आसपास, दुसरं थंड, आणि उष्णता आटोक्यात ठेवणाऱ्या थर्मोस्टॅटमध्ये काटकसर नकोच, नाहीतर ऊब देणाऱ्या हीट मॅटने साप भाजतो. आमच्या पोराने इथे अमेरिकेत लोकांची लॉन्स कापून पैसे जमवले, तरी सापाच्या खाण्याचे फ्रोजन उंदीर माझ्याच फ्रीजरमध्ये, पुरणाच्या डब्याशेजारी! आणि हा प्राणी २०-३० वर्षं जगतो, तुमचा पोरगा तीन वर्षांत कॉलेजच्या डॉर्ममध्ये जाणार, मग उंदीर वितळवून चिमट्याने भरवणार कोण? त्यापेक्षा कॉर्न स्नेक घे म्हणावं, साधारण ४-५ फुटांवर थांबतो.