मदत हवी आहे: ८ पिनचा कनेक्टर लावला की पीसी लगेच बंद पडतो

नमस्कार मंडळी,
डेस्कटॉप सुरूच होत नाहीये. बटण दाबलं की पंखे जेमतेम हलतात, मदरबोर्डवरचा दिवा लुकलुकतो आणि सगळं बंद. बीपही नाही.

रॅम बदलून पाहिली, ग्राफिक्स कार्ड काढलं, सीमॉसचा सेल (बोर्डवरची छोटी बॅटरी) नवा टाकला. काही फरक नाही. पॉवर सप्लाय बोर्डपासून सोडवून हिरवी आणि काळी वायर जोडली तर तो चालतो, पिवळ्या वायरवर १२.१ व्होल्ट मिळतात. अर्थात हे लोड नसताना, त्यामुळे त्याला पूर्ण निर्दोष धरत नाही.

खरी गोम पुढे आहे. प्रोसेसरला वीज देणारा ८ पिनचा कनेक्टर काढला की पंखे फिरत राहतात, लावला की लगेच ट्रिप. म्हणून प्रोसेसर काढून बोर्डवरच्या त्या ८ पिनच्या सॉकेटवर १२ व्होल्ट आणि ग्राउंडमध्ये मल्टिमीटर लावला. रीडिंग १ ओहमच्याही आत, म्हणजे जवळपास थेट शॉर्ट! प्रोसेसरशेजारचा एखादा मॉस्फेट (१२ व्होल्ट कमी करून प्रोसेसरला देणाऱ्या सर्किटमधला स्विच) शॉर्ट झाला असावा, असा माझा अंदाज.

नेमका कोणता, हे तो न काढता ओळखता येतं का? आणि मुख्य काळजी म्हणजे १२ व्होल्ट थेट प्रोसेसरला गेले असतील का? तो दुसऱ्या बोर्डवर लावून पाहावा म्हणतोय, पण त्या बोर्डला धोका नको. असा बोर्ड दुरुस्त केलेल्यांनी कृपया सांगा.