अपघाताच्या खटल्यात गुन्हा कबूल करून दंड भरावा का?

प्रश्न : राजापूरकर

गेल्या मे महिन्यात माझा धाकटा भाऊ आंब्याच्या पेट्या घेऊन पिकअपने लांज्याकडे जात असताना महामार्गावरील एका डायव्हर्शनपाशी त्याची दुचाकीशी धडक झाली आणि आमच्या शेजारच्या वाडीतील काकांच्या पायाचे हाड मोडले. भावानेच त्यांना रुग्णालयात पोहोचवले आणि पोलिसांना खबर दिली. आता भारतीय न्याय संहितेचे कलम 281 (बेदरकारपणे वाहन चालवणे) व 125(ब) (निष्काळजीपणामुळे जबर दुखापत) आणि मोटार वाहन कायद्याचे कलम 184 (धोकादायक रीतीने वाहन चालवणे) लावून दोषारोपपत्र दाखल झाले असून समन्स आले आहे. न्यायालयाच्या आवारातील एका माहितगार गृहस्थांचा सल्ला असा की, पहिल्याच तारखेला गुन्हा कबूल करून दंड भरावा आणि मोकळे व्हावे. भावाला जहाजावर नोकरीसाठी पासपोर्ट काढायचा आहे, त्यामुळे त्याला हा मार्ग पटू लागला आहे. जाणकारांचे मत हवे आहे.

उत्तर : पावसकर

आमच्या घरातील एका प्रकरणात कबुली दिली, न्यायालयाने दंड केला आणि विषय त्याच दिवशी संपला. वर्षानुवर्षे तारखांना जाण्यापेक्षा ते बरे. मात्र त्यात कोणालाही दुखापत झालेली नव्हती, हेही सांगितले पाहिजे.

उत्तर : दिवाणी-फौजदारी (वकील, रत्नागिरी जिल्हा)

पावसकरांनी शेवटी जे सांगितले, तोच मुख्य फरक आहे. नुसत्या 281 ला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. परंतु हाड मोडणे ही कायद्याने जबर दुखापत ठरत असल्यामुळे 125(ब) लागले आहे आणि त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. कबुलीनंतर किती शिक्षा द्यायची हे न्यायदंडाधिकारी ठरवतात, आवारातले गृहस्थ नव्हेत.

दोषारोपपत्र आणि त्यासोबतच्या कागदांच्या प्रती आरोपीला विनामूल्य मिळतात आणि हजर झाल्यापासून चौदा दिवसांच्या आत त्या द्याव्याच लागतात. त्या वाचल्याशिवाय कबुलीचा विचारही करू नये. घटनास्थळ पंचनाम्यात काचा रस्त्याच्या कोणत्या बाजूला पडल्या, ब्रेकच्या खुणा कुठून सुरू झाल्या, रस्ता किती रुंद होता, हे पाहावे. मोटार वाहन निरीक्षकाच्या अहवालात पिकअपला कोणत्या बाजूला मार बसला आणि ब्रेक कसे होते, हे असते. साक्षीदाराने धडक प्रत्यक्ष पाहिली की आवाज ऐकून तो नंतर आला, हा प्रश्न तर उलटतपासणीत बहुतेक वेळा निर्णायक ठरतो. ‘गाडी भरधाव होती’ एवढ्या एका वाक्यावर निष्काळजीपणा सिद्ध होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने कर्नाटक राज्य विरुद्ध सतीश या 1998 च्या निकालात स्पष्ट केलेले आहे. डायव्हर्शनवर फलक व रिफ्लेक्टर होते की नाही, याची त्या काळातील छायाचित्रे कोणाकडे असल्यास ती मूळ फाइलसह जपून ठेवा, कारण रस्ता एकदा सरळ झाला की तो पुरावा पुन्हा मिळणार नाही. जखमीला स्वतः रुग्णालयात नेणे हे निर्दोषत्वाचा पुरावा नसले, तरी अपघातानंतरचे चालकाचे कायदेशीर कर्तव्य त्याने पार पाडले, हे त्यातून दिसते.

125(ब) हे वॉरंट खटल्यात (दोन वर्षांपेक्षा जास्त शिक्षा असलेल्या गुन्ह्यांच्या खटल्यात) मोडत असल्याने प्रती मिळाल्यापासून 60 दिवसांत दोषमुक्तीचा, म्हणजे साक्षीपुरावा होण्याआधीच आरोपातून वगळण्याचा, अर्जही करता येतो. कागद खरोखरच कच्चे असतील तरच तो करावा; उगाच केलेल्या अर्जात केवळ महिने जातात.

राजापूरकर

सविस्तर उत्तराबद्दल आभारी आहे. काका आता चालू-फिरू लागले आहेत आणि तक्रार पुढे नेण्याची त्यांची इच्छा नाही. मग प्रकरण आपसांत मिटेल का? पासपोर्टचे काय करावे?

दिवाणी-फौजदारी

125(ब) जखमीच्या संमतीने आणि न्यायालयाच्या परवानगीने मिटवता येते. 281 मात्र तडजोडयोग्य नाही; ते कलम चालवून निर्दोष मुक्तता मिळवावी लागते किंवा उच्च न्यायालयात खटला रद्द करण्याचा अर्ज करावा लागतो. 18 ऑगस्ट 2025 पासून मुंबई उच्च न्यायालयाचे कोल्हापूरचे सर्किट बेंच (खंडपीठ) सुरू झाले असून रत्नागिरी व सिंधुदुर्ग त्याच्या कक्षेत आहेत, म्हणून त्यासाठी आता मुंबई गाठावी लागत नाही. तडजोडीच्या कागदावर काकांनी नुकसानभरपाईचा हक्क सोडल्याचे लिहून घेऊ नका. मोटार अपघात दावा स्वतंत्र आहे, आणि विमा व परवाना वैध असेल तर ती रक्कम साधारणतः विमा कंपनी देते. उलट भावाने दिलेली कबुली त्या दाव्यात त्याच्याविरुद्ध दाखवली जाऊ शकते.

पासपोर्टला अडचण येते ती खटला प्रलंबित असण्याची, म्हणून ‘कबूल करा आणि सुटा’ हा सल्ला मोहक वाटतो. पण खटला चालू असतानाही त्याच न्यायालयाकडून परवानगीचा आदेश घेऊन पासपोर्ट मिळवता येतो. परराष्ट्र मंत्रालयाच्या 25 ऑगस्ट 1993 च्या अधिसूचनेत तशी तरतूद आहे. अर्जात खटला लपवू नये.

उत्तर : निवृत्त शिरस्तेदार

कायद्याचे वकीलसाहेबांनी सांगितले, मी तारखेचे सांगतो. पहिल्या तारखेला जामीनदार सोबत न्या. सातबारा किंवा पगारपत्रक, आधार आणि फोटो त्याच्याजवळ असू द्या. ही कलमे जामीनपात्र आहेत, तरी कागद अपुरे म्हणून संध्याकाळपर्यंत ताटकळलेले लोक मी पुष्कळ पाहिले आहेत. ज्या दिवशी येणे शक्य नसेल त्या दिवशी वकिलामार्फत हजेरीमाफीचा अर्ज आधीच द्या, नाहीतर वॉरंट निघते. वकिलाची फी परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करावा किंवा विधी सेवेच्या 15100 या हेल्पलाइनवर फोन करावा.