मदत हवी आहे: ईमेलमध्ये बिघडलेल्या ओव्यांतील ठ, झ, भ आणि जोडाक्षरे परत कशी मिळवावीत?

नमस्कार.

मी अंबाजोगाईला राहते. गेली चार वर्षे मी आणि माझी एक मैत्रीण परभणी व बीड जिल्ह्यांतल्या खेड्यांतून जात्यावरच्या ओव्या गोळा करत आहोत. ती पाथरी तालुक्यात असते. म्हाताऱ्या बायांजवळ बसून, ऐकता ऐकताच ती ओव्या लॅपटॉपवर युनिकोडमध्ये टंकते आणि नोकरीच्या संस्थेच्या ईमेलवरून मला पाठवते. माझा ईमेल वेगळ्या सर्व्हरवर आहे. या दोन सर्व्हरांचे आपसात जुळत नसल्यामुळे सुमारे नव्वद पत्रे बिघडलेल्या स्वरूपात माझ्याकडे पोहोचली आहेत. मैत्रिणीच्या लॅपटॉपची हार्ड डिस्क उन्हाळ्यात निकामी झाली, संस्थेच्या सर्व्हरवरची पाठवलेली पत्रे जागेअभावी पुसली गेली, आणि ज्या आजींनी यातल्या निम्म्याहून अधिक ओव्या सांगितल्या त्या मागच्या माघात वारल्या. वही कधी केलीच नव्हती. जे काही उरले आहे ते या पत्रांतच आहे.

बिघाड दोन प्रकारचा आहे. संस्थेने सर्व्हर बदलण्यापूर्वीच्या पत्रांत मराठीऐवजी डॉलर आणि टक्क्यांच्या चिन्हांच्या रांगा दिसतात. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे युनिकोड मजकूर संगणकात साठवण्याच्या नेहमीच्या पद्धतीत, देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे असते (बाइट म्हणजे आठ बिटांचा, ० ते २५५ मधला एक आकडा). पहिला बाइट नेहमी २२४ आणि दुसरा १६४ किंवा १६५. ईमेल वाहून नेण्याचे १९८२ मधले मूळ प्रमाण सात बिटांच्या इंग्रजी मजकुरापुरतेच होते, आणि त्या जुन्या सर्व्हरने प्रत्येक बाइटचा आठवा बिट काढून टाकला, म्हणजेच त्यातून १२८ वजा केले. त्यामुळे १६४ चे ३६ झाले, म्हणजे डॉलर, आणि १६५ चे ३७, म्हणजे टक्का. हलन्ताचा, म्हणजे जोडाक्षर घडवणाऱ्या पाय मोडण्याच्या चिन्हाचा, शेवटचा बाइट १४१. त्याचे १३ झाले, जी ओळ संपल्याची खूण आहे, म्हणून प्रत्येक जोडाक्षरापाशी ओळ तुटलेली दिसत होती. हे ध्यानात आल्यावर तीन-तीन बाइटांचे गट ओळखून मी १२८ परत मिळवले आणि ती सगळी पत्रे जशीच्या तशी वाचता आली. त्या रात्री मी मैत्रिणीला फोन करून तीन ओव्या वाचून दाखवल्या.

माझी खरी अडचण नव्या सर्व्हरवरून आलेल्या पत्रांची आहे. त्यांत डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए, चार काटे फुटलेले वर्तुळ आणि जपानी येनचे चिन्ह, असा मजकूर भरलेला आहे. पाठवणाऱ्या सर्व्हरने मजकूर यूटीएफ-८ मध्ये आहे हे पत्राच्या शीर्षभागात नोंदवलेच नाही. वाटेतल्या कुठल्या तरी सर्व्हरने तो विंडोज-१२५२ मधला, म्हणजे रोमन लिपीसाठीच्या, एका बाइटाला एक चिन्ह देणाऱ्या जुन्या तक्त्यातला समजून पुन्हा यूटीएफ-८ मध्ये बदलला. ही क्रिया उलटी फिरवली की बराचसा मजकूर परत येतो, पण पूर्ण येत नाही. ‘पंढरी’ अखंड मिळते आणि ‘विठ्ठल’ या शब्दाचे केवळ ‘वि’ आणि ‘ल’ उरतात.

कारण असे दिसते की विंडोज-१२५२ मध्ये १२९, १४१, १४३, १४४ आणि १५७ या पाच बाइटांना कोणतेही चिन्ह नेमलेले नाही, आणि आपले ह्रस्व उकाराचे चिन्ह, हलन्त, ए, ऐ आणि झ यांचे शेवटचे बाइट नेमके हेच आहेत. ठ चा शेवटचा बाइट १६०, म्हणजे त्या तक्त्यातली न तुटणारी रिकामी जागा. भ चा १७३, म्हणजे न दिसणारी जोडरेघ. वाटेत ही सर्व ‘निरुपयोगी’ चिन्हे पुसली गेली. मूळ संदेश उघडून पाहिला, तर तिथेही ती नाहीत. ओवीत पावलोपावली येणारे शब्द म्हणजे माझा, भाऊ, पाठचा, विठ्ठल, एकादशी. आणि तेच शब्द फुटले आहेत, याचे मला फार दुःख होते.

माझे दोन प्रश्न आहेत. या रिकाम्या जागा अंदाजाने न भरता, काही पुराव्याने भरण्याची पद्धत आहे का? आणि संस्थेचा सर्व्हर बदलणे आमच्या हाती नसताना पुढची पत्रे सुरक्षित कशी पाठवावीत?

प्रतिसाद

ताई, पहिले दोन बाइट शिल्लक असतील तर जागा पूर्ण रिकामी नाही. १६५ नंतर काही नसेल, तर तिथे व्यवहारात उकार किंवा हलन्त एवढेच संभवते. १६४ नंतर नसेल, तर ए, ऐ, झ, ठ, भ, क्वचित चंद्रबिंदू. प्रत्येक फुटलेल्या शब्दाची सर्व संभाव्य रूपे छोट्या प्रोग्रॅमने तयार करून ती शब्दयादीशी ताडून पाहावीत. मात्र यादी प्रमाण मराठी शब्दकोशाची घेऊ नये, कारण तो बोलीतले शब्द चुकीचे ठरवील. डॉलरवाल्या पत्रांतून तुम्ही जो मजकूर पूर्ण परत मिळवला आहे, त्याचीच शब्दयादी करावी. जिथे दोन रूपे जुळतील तिथे दोन्ही लिहून ठेवावीत. पुढची पत्रे मजकूर म्हणून न पाठवता झिप फाइल जोडून पाठवावीत. जोडलेली फाइल बेस-६४ मध्ये, म्हणजे साध्या सात बिटांच्या अक्षरांत बदलून जाते, त्यामुळे वाटेतला सर्व्हर तिच्यात ढवळाढवळ करत नाही.

धागाकर्ती

मनापासून आभार. काल एका पत्रावर ही पद्धत वापरून पाहिली. एकेचाळीस फुटलेल्या शब्दांपैकी चौतीस शब्दांना एकच रूप जुळले. उरलेल्या सातांसाठी मी येत्या रविवारी पाथरीला जाते आहे. आजींच्या धाकट्या जाऊबाई तिथेच राहतात आणि त्या दोघी एकाच जात्यावर दळायला बसत असत.